रोड बाइकसाठी पॉवर मीटर निवडताना: आधी सायकलखाली वाका

समोरून वारा असताना ताशी २२ किलोमीटरने रेटलेली सायकल आणि पाठीला वारा असताना ताशी ३५ने पळालेली सायकल, दोन्हींत पायांनी केलेली मेहनत सारखीच असू शकते. सायकल कॉम्प्युटरवरचा वेग हे सांगत नाही. हृदयाचे ठोके सांगतात, पण उशिरा, आणि त्यात इतरही बरंच काही मिसळून: एप्रिलचं ऊन, अपुरी झोप, निघण्याआधी घेतलेला कडक चहा, या सगळ्याने त्याच मेहनतीला ठोके वर गेलेले दिसतात. पॉवर मीटरला ऊन-झोप-चहा यांचं काही घेणंदेणं नसतं. या क्षणी तुम्ही किती वॅट काढताय, एवढंच तो दाखवतो.

नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. तुमची क्रँक (पेडल बसतं ती फिरणारी दांडी) कुठली, क्लीट (पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची पट्टी) कुठले आणि घरात सायकली किती, या तीन उत्तरांनी निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांतून निवडणं मग फारसं अवघड राहत नाही.

घ्यायचाच का?

रविवारी चार मित्रांबरोबर गडाच्या पायथ्याला जाऊन, मिसळ खाऊन परत येणं हाच आनंद असेल तर पॉवर मीटरचं नवल महिनाभर टिकेल. पुढे तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसता हलत राहील. याचा खरा उपयोग होतो तो ठरवून, आखून सराव करणाऱ्यांना, ट्रायथलॉन किंवा टाइम ट्रायल करणाऱ्यांना, आणि लांब पल्ल्याच्या लोकांना. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीत पहिल्या दोन घाटांत जोश केलेला माणूस रात्री कुठेतरी रस्त्याच्या कडेला बसलेला सापडतो. तिथे वॅटचा आकडा म्हणजे लगाम.

सायकल अंगाला नीट बसत नसेल, पन्नास किलोमीटरनंतर पाठ किंवा गुडघा दुखत असेल, तर हे पैसे आधी बाइक फिटवर घाला. त्यातून उरले तर चांगल्या टायरवर. आणि घरात स्मार्ट ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) असेल तर तो स्वतःच वॅट मोजतो. त्याच्यावर दोन महिने आखीव सराव करून बघा. त्याचा कंटाळा आला, तर बाहेरच्या रस्त्यासाठी आणखी एक यंत्र घेऊन तो जाणार नाही.

आत नेमकं काय चालतं

पेडल दाबलं की धातू अगदी किंचित वाकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण त्या धातूवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध वाकण्याप्रमाणे बदलतो. त्यावरून टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, कळतो. क्रँक किती वेगाने फिरतेय हे आतला सेन्सर मोजतो. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे वॅट. मिनिटाला ८० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.४ रेडियन, आणि सरासरी २५ न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर साधारण २०९ वॅट. बाकी सगळं आहे ते या गेजवर तापमानाचा, पाण्याचा आणि बसवण्यातल्या ढिलाईचा परिणाम कमीत कमी कसा होईल, याची कारागिरी.

उलरिश शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या एसआरएमपासून ही गोष्ट रस्त्यावर आली. पुढे कित्येक वर्षं पॉवर मीटर व्यावसायिक खेळाडूंपुरताच राहिला, कारण किंमत. २०१२ च्या सुमारास डाव्या क्रँकच्या दांडीवर छोटीशी डबी चिकटवून मोजणारे मीटर आले आणि हौशी सायकलिस्टच्या खिशाला हे जरा तरी परवडू लागलं.

पायरी १: सायकलखाली वाका

दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी टॉर्च घेऊन सायकलजवळ बसा आणि वहीत या गोष्टी लिहा.

क्रँकच्या दांडीच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. शिमानोच्या क्रँकवर तो "एफसी" या अक्षरांनी सुरू होतो. तिथेच लांबी असते: १६५, १७०, १७२.५ किंवा १७५ मिलिमीटर. दोन्ही टिपून ठेवा.

मग अ‍ॅक्सल. म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणारा मधला आडवा दांडा. शिमानोच्या हॉलोटेक-२ क्रँकचा अ‍ॅक्सल २४ मिलिमीटरचा असतो, स्रॅमच्या डब या प्रकाराचा २८.९९. डावी दांडी एका प्रकारची आणि अ‍ॅक्सल दुसऱ्या प्रकारचा, हे जमत नाही. सुरुवातीच्या किमतीतल्या बऱ्याच रोड बाइकवर जुन्या पद्धतीचा चौकोनी टोकाचा, म्हणजे स्क्वेअर टेपर अ‍ॅक्सल असतो. तुमच्याकडे तसा असेल तर क्रँकवरच्या मीटरचे पर्याय जवळजवळ संपले. क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा दांडा ज्यात फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग) दोन्ही बदलायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ पेडलकडे वळा.

डाव्या क्रँकची आतली बाजू आणि फ्रेमची मागची नळी यांच्यात किती जागा आहे तेही बघा. क्रँकवर चिकटवलेल्या मीटरच्या डबीला साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा लागते. जाडजूड मागच्या नळ्या असलेल्या कार्बन फ्रेममध्ये, किंवा मागचा ब्रेक बॉटम ब्रॅकेटखाली बसवलेल्या सायकलीत, ही जागा नसते. मीटर घरी आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी ॲलन की सरकवून मापलेलं बरं.

शेवटी बूट. तुमचे क्लीट लुक केओचे आहेत, शिमानोच्या एसपीडी-एसएलचे, की दोन बोल्टच्या एसपीडीचे? आपल्याकडे बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणारे बरेच जण रोड बाइकवरही एसपीडी वापरतात, कारण ढाब्यावर उतरून चालावं लागतं आणि रोडच्या क्लीटवर चालणं म्हणजे फरशीवर घसरण्याची हमी. ही सवय सोडायची नसेल तर पेडलचे पर्याय कमी होतात, पण संपत नाहीत.

पायरी २: मीटर कुठे बसवायचा

मुख्य जागा चार: डावी क्रँक, स्पायडर, पेडल आणि मागच्या चाकाचा हब. हबचं लवकर उरकतो. आज नवा घेणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये. पर्याय फार थोडे उरलेत आणि चाक बदललं की मीटर घरी राहतो.

डावी क्रँक हा सगळ्यात स्वस्त रस्ता. मूळ डावी दांडी काढायची, मीटर लावलेली दांडी बसवायची, दोन बोल्ट आणि एक टोपी. फोरआयआयआय ही कॅनडाची कंपनी या प्रकारात ओळखीची आहे. आत सीआर२०३२ हा बटन सेल असतो, जो कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की तो फक्त डावा पाय मोजतो आणि आकडा दुप्पट करून दाखवतो. आक्षेप खरा आहे. त्याचं गणित एकदा मांडून बघा. तुम्ही खरे २०० वॅट काढताय आणि त्यातले ४८ टक्के डाव्या पायाचे आहेत. डावा पाय ९६, दुप्पट १९२. म्हणजे ८ वॅट कमी. डावा पाय ५२ टक्के देत असेल तर तोच आकडा २०८ होतो. हा फरक कायम तेवढाच राहिला तर काही बिघडत नाही, कारण तुमची चाचणीही याच मीटरवर आणि सरावही याच मीटरवर. पण दमल्यावर किंवा जोर वाढवल्यावर दोन पायांचं प्रमाण सरकू शकतं, आणि तिथे हा मीटर फसतो. पायाला जुनी दुखापत असेल, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर डाव्या क्रँकचा विचार सोडा. बाकीच्यांपैकी बहुतेकांना, माझ्या मते, तो पुरतो. मित्राच्या मीटरशी आपले वॅट ताडून बघायची खोड मात्र मग सोडावी लागते.

स्पायडर म्हणजे क्रँक आणि चेनरिंग (साखळी फिरवणारं पुढचं दातेरी चाक) यांना जोडणारा मधला भाग. दोन्ही पायांचा जोर तिथूनच साखळीकडे जातो, त्यामुळे एकूण आकडा खरा मिळतो. डावा-उजवा हिशेब दिसतो तो अंदाजाचा, कारण फेऱ्याच्या कुठल्या अर्ध्यात किती जोर आला एवढंच त्याला कळतं. क्वार्क, पॉवरटूमॅक्स, आणि चीनच्या सिगेयी व मॅजीन या कंपन्या स्पायडरवरचे मीटर बनवतात. चिनी मीटरकडे पूर्वी लोक नाक मुरडायचे. आता तसं कारण उरलेलं नाही. अडचण एकच: स्पायडर तुमच्या क्रँकला आणि चेनरिंगच्या बोल्टना जुळला पाहिजे, आणि शिमानोच्या बऱ्याच क्रँकचा स्पायडर वेगळा निघतच नाही. मग पूर्ण क्रँकसेटच बदलावा लागतो.

पेडल बहुतेक वेळा महाग पडतात आणि सगळ्यात सोयीचेही तेच. क्रँक कुठलीही असो, पेडलचे आटे एकाच मापाचे, ९/१६ इंचाचे. घरात दोन सायकली असतील तर पाच मिनिटांत इकडून तिकडे. इटलीच्या फाव्हेरोच्या असिओमा पेडलमध्ये लुक केओ पद्धतीचे क्लीट बसतात आणि त्यांच्याच प्रो एमएक्सला एसपीडी. गार्मिनच्या रॅलीत आरके म्हणजे केओ, आरएस म्हणजे एसपीडी-एसएल आणि एक्ससी म्हणजे एसपीडी. एका बाजूचा पेडल आज आणि उजवीकडचा पुढे, असाही मार्ग काही मॉडेलमध्ये असतो. खरेदीआधी तो खरोखर उपलब्ध आहे ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

पेडलची दुसरी बाजूही आहे. सायकल आडवी पडली की पहिला मार त्यांनाच बसतो. बेअरिंग झिजतात, त्यांची देखभाल लागते. आणि पेडलमधल्या यंत्रामुळे पाय क्रँकपासून किंचित बाहेर जात असेल, तर ज्यांचं फिट अगदी नेमकं बसवलेलं आहे त्यांना पहिले काही दिवस ते जाणवतं.

तेव्हा माझा सरळ सल्ला: एकच सायकल, शिमानोची हॉलोटेक क्रँक, बजेट आखडतं, तर डावी क्रँक. दोन सायकली किंवा स्क्वेअर टेपर, तर पेडल. नाहीतरी क्रँकसेट बदलायचाच होता, तर स्पायडर.

पायरी ३: डब्यावरच्या आकड्यांतलं काय वाचायचं

अचूकता बहुतेक ठिकाणी अधिक-उणे १ ते २ टक्के लिहिलेली असते. १ आणि १.५ टक्क्यांतल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. २०० वॅटवर तो एक वॅट आहे, आणि तेवढा तर तुमचा पाय दर सेकंदाला हलतो.

त्याऐवजी तापमानाची भरपाई आपोआप होते का ते बघा. डिसेंबरमध्ये पहाटे साडेपाचला पुण्यातून निघालात आणि अकरा वाजता उन्हात घाट चढताय, तर मधल्या काळात धातूचं तापमान वीस अंशांनी बदललेलं असू शकतं. भरपाई नसलेला मीटर हळूहळू खोटं बोलू लागतो.

पाण्याबद्दल आयपीएक्स७ किंवा आयपी६७ असं काहीतरी लिहिलेलं हवं. तरीही आपला जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रकार आहे. पाणी बहुधा सेलच्या झाकणातून शिरतं. झाकणातली रबरी रिंग दर पावसाळ्याआधी तपासा, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आणि सायकल वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरच्या फवाऱ्याखाली धरू नका. मीटर पावसापेक्षा या फवाऱ्याने जास्त मरतात.

बॅटरी बटन सेलची की चार्ज करायची, हा सवयीचा प्रश्न. असिओमा एका चार्जमध्ये सुमारे ५० तास चालतात. ६०० किलोमीटरच्या बीआरएमची मुदत ४० तास, म्हणजे भरून निघालात तर पुरतं. विसरभोळ्यांनी बटन सेलचा मीटर घ्यावा आणि एक सेल सॅडल बॅगेत टाकून ठेवावा.

कॉम्प्युटरशी बिनतारी जोडणीसाठी एएनटी प्लस आणि ब्लूटूथ दोन्ही असावेत. सायकल कॉम्प्युटर जुना असेल तर तो पॉवर मीटर घेतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधीच बघा. अगदी स्वस्त कॉम्प्युटर नुसता वेग आणि कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) दाखवतात. मग मीटरबरोबर कॉम्प्युटरचाही खर्च येऊन बसतो, आणि ठरवलेलं बजेट तिथेच कोलमडतं.

अंडाकृती चेनरिंग वापरत असाल तर एक खुलासा. फेऱ्याच्या आत क्रँकचा वेग सारखाच राहतो असं बरेच मीटर धरून चालतात. अशा चेनरिंगवर ते काही टक्के जास्त दाखवतात.

पायरी ४: विकत घेणं

भारतात अधिकृत विक्रेता असलेला मीटर परदेशातल्या ऑनलाइन किमतीपेक्षा महाग दिसतो. पण बाहेरून मागवला की कस्टम ड्युटी, कुरिअर आणि कर मिळून तो फरक बराचसा भरून निघतो. वॉरंटीत यंत्र परत पाठवायचं झालं तर आत लिथियम बॅटरी आहे म्हणून कुरिअरवाला नाही म्हणू शकतो. परदेशातून कुणी नातेवाईक येणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही वॉरंटी भारतात चालते का, हे लेखी विचारून ठेवा.

जुना घेताय? मग तीन तपासण्या. पहिली, आपल्या कॉम्प्युटरला जोडून तीनदा झिरो करायचं (कसं ते पायरी ५ मध्ये). आकडे एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. दुसरी, फर्मवेअर अपडेट होतो का आणि मीटर जुन्या मालकाच्या खात्यात अडकलेला नाही ना. तिसरी शिमानोच्या क्रँकपुरती: जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या अल्टेग्रा आणि ड्यूरा-एसच्या काही ११ स्पीड हॉलोटेक क्रँकचे चिकटवलेले भाग सुटत असल्याने कंपनीने २०२३ मध्ये त्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. अशा क्रँकवरचा मीटर कितीही चांगला असला तरी ती तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. उताराला क्रँक तुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ५: बसवणं आणि झिरो करणं

पेडल घरी बसवता येतात. डावा पेडल उलट्या आट्यांचा असतो, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी बऱ्याच क्रँक वाया घालवल्यात. आट्यांना ग्रीस लावा आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच कसा. त्यासाठी टॉर्क पान्हा नसेल तर सरळ ओळखीच्या मेकॅनिककडे जा. क्रँकही टॉर्क पान्ह्यानेच कसायची.

पेडल घेतलेत तर ॲपमध्ये क्रँकची लांबी भरायला विसरू नका. १७०ची क्रँक असताना १७५ भरलीत तर प्रत्येक आकडा जवळपास ३ टक्क्यांनी फुगतो, आणि महिनाभर तुम्ही आपली प्रगती झाली म्हणून खूश राहता.

बसवल्यावर पहिल्या राइडमध्ये चार-पाच दणकट स्प्रिंट मारा. भाग जागच्या जागी बसतात. मग थांबून झिरो करा. पुढे दर राइडला हीच पद्धत: घरातून लगेच नाही, बाहेर दहा मिनिटं सायकल उभी राहू द्या किंवा हळू चालवा. मग थांबा, पाय पेडलवरून काढा, क्रँक माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत, बहुतेक वेळा उभी, ठेवा आणि कॉम्प्युटरवरून झिरो ऑफसेट घ्या. लोक याला कॅलिब्रेट करणं म्हणतात. येणाऱ्या आकड्याचा अर्थ लावत बसू नका. तो रोज साधारण तेवढाच येतो ना, एवढं बघा. एके दिवशी अचानक भलताच आला तर बोल्ट किंवा सेल तपासा.

पायरी ६: घाटावर खातरजमा

आपला मीटर खरं सांगतो का, हे प्रयोगशाळेशिवाय बघता येतं, आणि त्यासाठी सह्याद्रीसारखी जागा नाही. चढावर वेग कमी असल्याने वाऱ्याचा वाटा किरकोळ राहतो. बहुतेक ताकद वजन वर उचलण्यात जाते आणि ती सरळ गणिताने काढता येते.

वारा पडलेला असेल असा दिवस आणि सलग चढाचा घाट निवडा. बाटल्या, बूट, हेल्मेटसकट स्वतःचं आणि सायकलचं वजन करा. समजा एकूण ८५ किलो, घाट ८ किलोमीटरचा, चढ ५०० मीटर आणि वेळ ५० मिनिटं. ८५ गुणिले ९.८१ गुणिले ५००, भागिले ३००० सेकंद: १३९ वॅट. टायरच्या घर्षणाचे बारा-पंधरा, हवेचे तीन-चार, साखळीत हरवणारे चार-पाच. म्हणजे १६० च्या आसपास. मीटरची त्या घाटाची सरासरी १५० ते १७० असेल तर निश्चिंत राहा. १३० किंवा १९० असेल तर क्रँकची लांबी, झिरो आणि बोल्ट या क्रमाने बघा. उंचीचा आकडा नकाशावरून घ्या, कॉम्प्युटरच्या बॅरोमीटरवर फार विसंबू नका.

स्मार्ट ट्रेनरशी ताडून बघणार असाल तर ट्रेनरचा आकडा साधारण दोन ते चार टक्के कमी यायला हवा, कारण तो साखळीच्या पलीकडे मोजतो. दोन्ही अगदी सारखे आले, तर दोघांपैकी एक थोडा चुकत असू शकतो.

पायरी ७: पहिले काही आठवडे

कॉम्प्युटरवर क्षणाक्षणाचे वॅट ठेवू नका, डोळे फिरतील. तीन सेकंदांची सरासरी लावा. सेटिंगमध्ये पॉवरची सरासरी शून्यासकट (पेडल न मारलेला वेळही धरून) आणि कॅडेन्सची शून्याशिवाय, असं ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे काहीही बदलू नका. नेहमीच्याच राइड करा आणि आकडे बघा. बहुतेकांना पहिला धक्का ग्रुप राइडमध्ये बसतो: चढाच्या सुरुवातीला तीनशेच्या वर, आणि वरच्या निम्म्या भागात दीडशे. एवढं लक्षात आलं तरी पुढच्या वेळी तोच घाट कमी दमून चढता येतो.

मग चाचणी. नीट वॉर्मअप करून २० मिनिटं जेवढं सलग झेपेल तेवढं, आणि त्या सरासरीच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा अंदाजे एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारे वॅट. २१० आले तर एफटीपी २०० धरा. सोप्या, लांब राइड त्याच्या ५६ ते ७५ टक्क्यांत, म्हणजे तुमच्यासाठी ११२ ते १५०. इतकं हळू चालवायचं का, असं वाटेल. हो, इतकंच. मागून कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. आपल्या गल्लीतल्या बहुतेक सायकलिस्टची अडचण हीच की सोपी राइड त्यांना सोपी ठेवता येत नाही.

सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी, त्याच मीटरवर, त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळेला. मे महिन्यात ती घेऊ नका. उष्म्यात आलेला कमी आकडा बघून लोक उगाच मीटर विकायला काढतात.